व्हिट्रिमर : गाठ न सोडता गाठ बदलणारं प्लास्टिक

दुवेकरी (धागाकर्ता)

गेले आठ महिने कामाच्या निमित्ताने एका पदार्थाशी गाठ पडली आहे. त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. आज प्रेसमधून (तापवून दाबणाऱ्या यंत्रातून) एक चकती काढली आणि म्हटलं, आता लिहायलाच हवं.

चकती दिसायला अगदीच साधी. तळहातावर मावेल एवढी, तपकिरी, दोन मिलिमीटर जाड, रबरासारखी वाकणारी. पण हा तिचा तिसरा जन्म आहे. आधी ती एक पट्टी होती. ती मशीनवर ताणून तोडली. तुकडे दळून भरड वाळूसारखी भुकटी केली, दोन रिलीज फिल्मच्या (मालाला न चिकटणाऱ्या पातळ पापुद्र्यांच्या) मध्ये साच्यात भरली आणि १८० अंश सेल्सिअसला तासभर दाबून ठेवली. हेच सगळं पुन्हा एकदा केलं. आता चकती उजेडासमोर धरली की जुन्या कणांच्या कडा पुसट दिसतात, पण दुमडली तर त्या कडांवर फाटत नाही.

पॉलिथिनबद्दल हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, त्यात काय एवढं? पण ही चकती इपॉक्सीची आहे, म्हणजे थर्मोसेट. तापवलं तर वितळायचं नाही, फक्त करपायचं, अशी ज्याची ख्याती.

थोडी उजळणी. थर्मोप्लास्टिकमध्ये लांबलचक साखळ्या एकमेकींत नुसत्या गुंतलेल्या असतात. तापवलं की त्या एकमेकींवरून घसरतात आणि माल वाहू लागतो. थर्मोसेटमध्ये साखळ्यांमध्ये पक्के रासायनिक आडबंध असतात. सगळा तुकडा मिळून जवळजवळ एकच अवाढव्य रेणू. म्हणून तो उष्णतेत टिकतो, द्रावकात विरघळत नाही, भार पेलतो. आणि म्हणूनच एकदा साच्यात बसला की कायमचा बसला. बेकलंडने १९०७ साली बेकेलाइट तयार केलं, तेव्हापासून हा सौदा आपण मुकाट्याने मान्य केलेला आहे. टिकाऊपणा हवा ना, मग पुन्हा घडवणं विसरा.

२०११ साली पॅरिसच्या ईएसपीसीआय या संस्थेतल्या लुडविक लायब्लर यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध छापला आणि हा सौदा मोडला. त्यांनी नेहमीचंच इपॉक्सी रेझिन घेतलं, हार्डनर म्हणून आम्लं घेतली आणि उत्प्रेरक म्हणून जस्ताचा क्षार घातला. जाळ्यात एस्टर बंध तयार झाले आणि शेजारी मोकळे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गटही उरले. तापवलं की हायड्रॉक्सिल शेजारच्या एस्टरवर चाल करून जातो, त्याची जागा घेतो, आणि सुटलेलं टोक नवा हायड्रॉक्सिल होऊन बसतं. याचं नाव ट्रान्सएस्टरीकरण, रसायनशास्त्रात फार जुनी गोष्ट. गंमत ही की या सगळ्यात आडबंधांची एकूण संख्या बदलत नाही. कोण कोणाला धरून आहे, तेवढंच बदलतं.

मला समजायला कड्यावर चढणाऱ्या गिर्यारोहकाची उपमा बरी पडली. त्याच्याकडे दोन हुक असतात. दुसरा हुक पुढच्या दोरात अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. तो वर सरकतो, पण एकही क्षण मोकळा नसतो. असे अब्जावधी गिर्यारोहक एकाच वेळी हुक बदलत असले, तर अख्खं जाळं हळूहळू वाहू शकतं, आणि तरी कोणत्याही क्षणी ते जाळंच असतं.

लायब्लर यांनी याला नाव दिलं ‘व्हिट्रिमर’. काचेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. काच कारागिराच्या फुंकनळीवर आरामात वळते, कारण तापमान उतरताना तिची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) सावकाश वाढते. साचा नसला तरी आकार द्यायला वेळ मिळतो. नेहमीचं प्लास्टिक मात्र घट्ट होण्याच्या तापमानाशी आलं की दहा-वीस अंशांत आडमुठं होऊन बसतं. व्हिट्रिमर या बाबतीत काचेच्या गोत्रातला आहे.

तापमानाची एक व्याख्याही आहे. ज्या तापमानाखाली ही अदलाबदल इतकी मंद होते की जाळं गोठलं असं म्हणता येईल, ते टोपॉलॉजी (जाळ्यात कोण कोणाला जोडलंय याची रचना) गोठण्याचं तापमान. प्रथा म्हणून श्यानता दहाचा बारावा घात पास्कल-सेकंद झाली की तिथे रेघ मारतात. रेघ आपण मारलेली आहे, निसर्गाने नाही. हे लक्षात ठेवा, पुढे भांडायला उपयोगी पडेल.

विचारा काय विचारायचं ते.

---

भोचक

वाचनखूण साठवली आहे. हुकाची उपमा आवडली. पण शंका आहेच. बंध तुटून पुन्हा जुळणारे पदार्थ तर याआधीही होते ना? मग पॅरिसवाल्यांचं एवढं कौतुक कशाला?

---

दुवेकरी

भोचकराव, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. होते. २००२ साली फ्रेड वुडल यांच्या गटाने फ्युरान आणि मॅलेइमाइड यांच्या जोडीतून स्वतःच्या भेगा सांधणारा पदार्थ केला होता. डील्स-आल्डर अभिक्रिया. साधारण १२० अंशांच्या वर नेलं की हे बंध उलटे सुटतात, थंड केलं की पुन्हा जुळतात. तो गिर्यारोहक आधी हात सोडतो, मग पुढचा दोर पकडतो. म्हणजे तापलेल्या अवस्थेत आडबंध खरोखरच कमी होतात, जाळं सैल पडतं आणि माल पातळ होतो.

व्हिट्रिमरमध्ये आधी जोडणी, मग सुटका. त्यामुळे तापलेला तुकडा साध्या द्रावकात बुडवला तर फुगतो, पण विरघळत नाही. मी स्वतः करून पाहिलंय. तासाभराने काढला तेव्हा दीडपट फुगलेला, बोटाने दाबला तर थलथलीत, पण एकसंध.

दोन्ही प्रकारांना मिळून ‘सहसंयुज अनुकूलनशील जाळी’ असं भारदस्त नाव आहे. कोलोरॅडोच्या ख्रिस्तोफर बोमन यांच्या गटाने ते रूढ केलं. मराठीत तोंडात बसत नाही, मी वापरणार नाही.

---

जुना_टायर

रबरात हयात गेली, म्हणून चार शब्द. गुडइयरने व्हल्कनीकरणाचं पेटंट १८४४ साली घेतलं. गंधकाचे पूल बांधले आणि चिकट रबर कामाचं झालं. ते पूल आपापसात जागा बदलतात, हे मात्र आम्हाला दोष म्हणून शिकवलं होतं. ताणलेला पॉलिसल्फाइड रबर गरम ठेवला की त्यातला ताण हळूहळू मरतो. प्रिन्स्टनच्या टोबोल्स्कींनी १९४०च्या दशकातच हे मोजून ठेवलंय. १९५४ साली सिलिकॉन रबराबाबतही असंच दिसलं, आम्लाचा किंवा अल्कलीचा अंश उरला असेल तर. सगळ्यांची खटपट हे थांबवायची होती. गॅस्केटचा ताण मेला तर गळती होणार ना!

ज्याला आम्ही सत्तर वर्षं रोग म्हणत होतो, त्याचं तुम्ही औषध केलंत. तक्रार नाही, फक्त नोंद करतोय.

---

दुवेकरी

काका, हे धाग्यात यायलाच हवं होतं. मी विसरलो होतो. धन्यवाद.

---

नीरजा_कंपोझिट

काकांनी विषय काढलाच आहे तर माझा खरा प्रश्न. मी तंतू घातलेल्या इपॉक्सीचे भाग बनवते. ते वीस-वीस वर्षं भार घेऊन उभे असतात. तुमचं जाळं जर १८० अंशांना तासाभरात वाहत असेल, तर ३० अंशांना वीस वर्षांत किती वाहील? ‘गोठलं’ म्हणजे नक्की किती गोठलं? जाहिरातीत हे कुणीच सांगत नाही.

---

दुवेकरी

नीरजाताई, या प्रश्नाची वाटच पाहत होतो. आकडे मांडूया.

समजा २०० अंशांना ताण विरायला १० मिनिटं लागतात आणि अदलाबदलीची सक्रियण ऊर्जा (ती घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलमागे ८८ किलोज्यूल आहे. एस्टरवाल्या जाळ्यांसाठी हा आकडा वावगा नाही. तापमानाप्रमाणे अभिक्रियेचा वेग सांगणारं अऱ्हेनियसचं सूत्र लावा. १०० अंशांना वेग सुमारे ४०० पट मंदावतो, म्हणजे १० मिनिटांचे जवळजवळ पावणेतीन दिवस होतात. ३० अंशांना मंदावण्याचं प्रमाण २ लाख ८० हजार पट. १० मिनिटांची साधारण सव्वापाच वर्षं.

सव्वापाच वर्षं! ऐकायला खूप वाटतात, पण तुमच्या वीस वर्षांपुढे काहीच नाहीत. कपाटात ठेवलेल्या चकतीला काही होणार नाही. बोल्टने आवळलेल्या भागाला मात्र होईल.

आता दिलासा. वरचा हिशेब माझ्या चकतीसारख्या मऊ जाळ्यासाठी आहे, जे ३० अंशांनाही रबरी असतं. तुम्ही वापरता ते इपॉक्सी वापराच्या तापमानाला काचेसारखं कडक असतं, साखळ्यांना हलायलाच जागा नसते. हायड्रॉक्सिलला शेजारच्या एस्टरपर्यंत पोचता आलं नाही तर अदलाबदल कसली? तिथे दोन कुलुपं असतात, एक रासायनिक आणि एक जागेचं. अडचण त्या भागांची, जे वापरतानाच काचसंक्रमणाच्या (कडक माल मऊ, रबरी होण्याच्या तापमानाच्या) जवळपास तापतात.

---

नीरजा_कंपोझिट

हे प्रामाणिक उत्तर झालं. मग उपाय काय? सक्रियण ऊर्जा वाढवायची?

---

दुवेकरी

तो एक मार्ग. ऊर्जा जितकी जास्त तितका तापमान उतरताना वेग झपाट्याने पडतो. पण मग वर घडवायलाही जास्त आच लागते, आणि एस्टरची जाळी फार तापवली की पिवळी पडून सडायला लागतात.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. थोडे आडबंध कायमचे ठेवायचे, अदलाबदल न करणारे. मात्र हे कायमचे बंध एवढेच हवेत की फक्त त्यांच्या जोरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाळं तयार होऊ नये. तसं झालं की भुकटी प्रेसमध्ये सांधणारच नाही. त्या उंबरठ्याच्या आत राहिलं तर क्रीप बरीच कमी होते आणि माल पुन्हा घडवताही येतो. माझ्याकडे असं एक मिश्रण आहे. ओव्हनमध्ये तीन पट्ट्या टांगून बघतो, आठवड्याने सांगेन.

---

भोचक

आमच्यासारख्यांसाठी : क्रीप म्हणजे?

---

जुना_टायर

कायमच्या भाराखाली हळूहळू लांबत जाणं. पुस्तकांच्या ओझ्याने फळी वर्षभरात पोक काढते, ते.

---

खडूस_ग्राहक

सगळं छान. पण थर्मोप्लास्टिक तर पहिल्यापासून वितळून पुन्हा घडवता येतंच. तरीही २०१५ सालापर्यंत जगात जो प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रित झाला, असं २०१७चा एक गाजलेला अभ्यास सांगतो. म्हणजे अडचण रेणूत नव्हतीच, गोळा करण्यात आणि वेगळं करण्यात होती. तुम्ही आणखी एक ‘पुनर्वापरयोग्य’ पदार्थ आणलात, तोही त्याच ढिगात जाणार.

---

दुवेकरी

खडूसराव, पिशव्या-बाटल्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. त्यांच्यासाठी व्हिट्रिमरची गरजही नाही. तरी गंमत म्हणून सांगतो, २०१७ साली लायब्लर आणि रेनो निकोलाय यांनी पॉलिथिन आणि पॉलिस्टायरिनमध्ये बोरॉनवाले अदलाबदलीचे आडबंध घालून दाखवले होते.

पण काही माल ढिगात हरवत नाही. पवनचक्कीचं पातं कोणी चुकून भलत्या कचऱ्यात टाकत नाही. ते कुठे आहे, कधी उतरवणार, आत काय आहे, सगळं नोंदलेलं असतं. तिथे गोळा करण्याचा प्रश्न नाही. इतकं मोठं, तंतूंनी भरलेलं थर्मोसेट उतरवून करायचं काय, हाच प्रश्न आहे. आजवर बहुतेकदा कापून पुरलं जातं.

२०२४ साली अमेरिकेच्या नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने वनस्पतीजन्य कच्च्या मालापासून करता येईल अशी पॉलिएस्टरची जाळी वापरून ९ मीटरचं पातं बनवून दाखवलं. मिथेनॉलमध्ये २२५ अंशांवर सहा तासांत रेझिन सुटं झालं आणि तंतू हाती आले.

---

पवनपुत्री

सीमेन्स गमेसाने २०२१मध्येच पुनर्चक्रित होणारी पाती जाहीर केली होती की! जर्मनीच्या समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात २०२२ साली ती बसवलीसुद्धा. तेही व्हिट्रिमरच ना?

---

दुवेकरी

नाही, आणि ही गल्लत फार ठिकाणी दिसते. त्या पात्यांत आदित्य बिर्ला समूहाचा रिसायक्लामाइन हार्डनर आहे. त्याच्या रेणूत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलाय, जो सौम्य आम्लात तुटतो. जाळं विरघळतं, तंतू वेगळे होतात आणि रेझिनचं थर्मोप्लास्टिक होतं. तिथे अदलाबदल नाही. काडी मोडायची खाच आधीच करून ठेवलेली आहे, एवढंच. पात्यासाठी कदाचित तेच शहाणपणाचं, कारण वापरात असताना बंध हलण्याची भानगडच नाही.

अदलाबदलीच्या जाळ्यालाही विरघळवता येतं, पण साध्या द्रावकाने नाही, अदलाबदलीत भाग घेणाऱ्या द्रावकाने. एस्टरच्या जाळ्याला तापवलेलं इथिलीन ग्लायकॉल पाजा. त्याचे हायड्रॉक्सिल इतक्या संख्येने येतात की प्रत्येक एस्टर त्यांच्याशीच गाठ मारतो आणि जाळ्याचे तुकडे होतात. ग्लायकॉल उडवून दिलं की जाळं पुन्हा जुळतं. जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली कार्बन तंतू असेच सोडवले गेले. विणलेलं कापड जसंच्या तसं बाहेर येतं. दळून कार्बन तंतूंचा भुगा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण त्या मालाची खरी किंमत तंतूंच्या लांबीत असते.

---

सर्किटवाली

इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा उल्लेख कोणीच केला नाही! हिरवा बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीच. २०२४ साली वॉशिंग्टन विद्यापीठाने व्हिट्रिमरचा बोर्ड करून दाखवला. ठराविक द्रावकात तो जेलीसारखा फुगतो, थर सुटतात, आणि सुटे भाग इजा न होता निघतात. त्यांनी काचतंतू १०० टक्के आणि पॉलिमर ९८ टक्के परत मिळवल्याचं लिहिलंय, द्रावकही ९१ टक्के. मी जुन्या बोर्डांवरून चिपा काढते, रोज हॉट एअरने पॅड (भाग डाकायच्या तांब्याच्या टिकल्या) उखडून बसतात. म्हणून ते फुगणं मला भलतंच लोभस वाटलं.

---

दुवेकरी

फुगणं हाच तिथला खरा शोध आहे. वरती भोचकरावांना मी ‘फुगतो पण विरघळत नाही’ म्हणालो होतो, तोच गुण तिथे कामाला लावलाय.

---

ओंकार_बीएस्सी

सर, जस्ताचा क्षार न घालता होत नाही का? आणि हे घरी करून बघता येईल?

---

दुवेकरी

सर नको रे. घरी नको. इपॉक्सीचा हार्डनर अंगावर उठतो, एकदा ॲलर्जी झाली की जन्मभर पुरते, आणि १८० अंशांच्या प्रेसला घरगुती पर्याय नाही.

उत्प्रेरकाचा प्रश्न मात्र चांगला आहे. जस्ताचा क्षार जाळ्यात नीट मिसळणं ही डोकेदुखीच. माझ्या पहिल्या तीन लाद्यांमध्ये पांढरे ठिपके राहिले होते. ठिपक्यापाशी माल मऊ, बाकी ठिकाणी अडलेला. शिवाय उत्प्रेरक काळाच्या ओघात झिरपून जाऊ शकतो. म्हणून उत्प्रेरकाशिवाय चालणारी रसायनं शोधली गेली. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या विने आणि द्यु प्रे यांनी २०१५ साली व्हिनायलॉगस युरेथेनची जाळी केली. त्यात मोकळे अमाइन स्वतःच जागा बदलतात, कुणी ढकलावं लागत नाही. इमाइनची जाळी तर पाण्यानेही मऊ पडतात. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या वेई झांग यांच्या गटाने २०१४ साली ते दाखवलं, आणि पावसात राहणाऱ्या वस्तूसाठी ती वापरायच्या आधी दोनदा विचार का करावा, याचं उत्तरही त्यातच आहे.

अगदी वेगळी वाट बर्कली प्रयोगशाळेच्या ब्रेट हेल्म्स यांची, २०१९ची. त्यांची पॉलिडायकिटोएनामाइन जाळी तीव्र आम्लात बुडवली की थेट मूळ एकवारिकांवर (ज्यांपासून जाळं बनलं त्या सुट्या रेणूंवर) येते. रंग आणि भरीचे पदार्थ बाजूला काढून पुन्हा कोरा माल करता येतो. प्रेसमध्ये दाबताना मळ आतच राहतो, ही माझ्या पद्धतीची दुखरी नस. माझ्या चकतीचा तपकिरी रंग दर जन्मी गडद होत चाललाय.

---

दुवेकरी (आठ दिवसांनी)

नीरजाताई, पट्ट्या उतरवल्या. ओव्हन ८० अंश, सहा दिवस, तिन्हींवर सारखं वजन, खुणांमधलं अंतर १०० मिलिमीटर. वजन लावताच तिन्ही सुमारे ३ मिलिमीटर वाढल्या.

साधी कायमच्या बंधांची पट्टी सहा दिवसांनी तिथेच. वजन काढलं, परत १००. व्हिट्रिमर आणखी १.४ मिलिमीटर लांबली. वरच्या सूत्राने १.३ येत होती, म्हणजे मी फार थापा मारलेल्या नाहीत. वजन काढल्यावर ती १०१.५ला थांबली.

तिसरी, तीस टक्के कायमचे बंध असलेली, ०.४ मिलिमीटर लांबली. ती कापून, दळून प्रेसमध्ये टाकली. चकती निघाली, पण कणांच्या कडा नेहमीपेक्षा ठळक आहेत आणि दुमडल्यावर एका ठिकाणी केसाएवढी भेग पडली. उद्या हाच माल एकाऐवजी तीन तास दाबून बघतो.

---

नीरजा_कंपोझिट

तीन तासांनी काय होतं ते कळवा. आणि जमलं तर वीस टक्क्यांचीही एक पट्टी टांगा, वजन तेच ठेवून.